चार भोकांचं पुस्तक

वैजयंती लेले जपानी शिकवतात, टिळक रोडला.
दोरा तुटलेलं पुस्तक त्यांनी आणलं
टॉवेलात गुंडाळून, ताप आलेल्या पोरासारखं.

उजवीकडून उघडायचं. चार भोकं,
शिवण बाहेरून, उघडी. कण्याला सरस नाही.
चाळीस वर्षं मी वकिलांच्या फायली बांधतोय,
असं उघडं हाड पाहिलं नव्हतं.

"कोल्हीण नवरी होऊन येते,"
चित्रावर बोट न टेकवता बाई म्हणाल्या,
"शेपूट दिसलं की निघून जाते."
मी म्हटलं, आमच्या मुठेकाठी आसरा असायच्या, सातजणी.
धरण झाल्यावर कुठं गेल्या
कुणी लिहून ठेवलं नाही.

प्रत्येक पान दुमडलेलं, आतून कोरं.
फुंकर मारली की पोट फुगतं त्याचं.
एका पानात केस निघाला, लगद्यातच अडकलेला,
कागद करणाऱ्या कुणा बाईचा असेल.
राहू दिला.

बोहरी आळीतून रेशमी दोरा आणला, निळा.
साठ रुपये झाले. बाई शंभर देत होत्या.

शिवायच्या आधी
शेवटच्या पानाच्या पोटात
पेन्सिलीनं सात टिंबं काढली.
बाईंना बोललो नाही.