ओळ

पोरं दुकानात शिरतात ती गाणं घेऊनच.
फोन आरशाखाली, जेलच्या डब्याला टेकवलेला,
आणि मी, ओरव्हिल, एकसष्ट वर्षांचा,
शिकागोच्या दक्षिणेला, एकोणऐंशीव्या रस्त्यावर
बत्तीस वर्षं कपाळांवर ओळी आखणारा माणूस,
म्हणतो, आवाज कमी कर रे.
म्हणतो, पण स्वतः हात पुढे करून कमी करत नाही.

शब्द ऐकवत नाहीत.
कुणाला कुठल्या कोपऱ्यावर पाडलं,
त्याची आई कशी रडली, त्या रडण्याचीही नक्कल.
मेलेल्याचं नाव घेऊन झुरका मारतात,
म्हणतात, बघ, तुलाच ओढतोय.
खालचा ठेका मात्र असा
की हातातलं मशीनसुद्धा त्यात गुरगुरायला लागतं.

टेव्हिअनचे पहिले केस मीच कापले,
खुर्चीच्या हातांवर फळी टाकून.
सतराव्या वर्षी तोही लिहायला लागला,
आईच्या गाडीत बसून, काचा वर करून.
बंदूक त्याच्या घरात नव्हती. मला माहीत आहे.
गाण्यात होती, रोज भरलेली.
ऐकणाऱ्यांनी ती खरी धरली.

मार्चमध्ये फ्युनरल होममधून फोन आला.
तिथं मान वळव असं सांगता येत नाही,
आपल्याच हातानं वळवावी लागते.
गार कपाळावर ओळ आखली, सरळ.
कानाशी जरा जास्त घेतलं,
जिथं तो दर वेळी ओरडायचा, तिथं नको, अंकल.
थांबलो थोडा.

जूनपर्यंत त्याच्यावर गाणं आलं होतं,
पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी केलेलं.
त्यात त्याचं नाव,
रस्त्यावर सुटून पडलेला त्याचा एक बूट,
आणि हसू.
शनिवारी कुणाच्यातरी फोनवर ते लागलं.
दुकान भरलेलं. खुर्चीत नेमका त्याचा धाकटा, कॅसायस,
नऊ वर्षांचा, गळ्याशी कापड बांधलेला.

मी मशीन बंद केलं.
सगळे त्याच्याकडे बघत होते, आरशातून,
सरळ कुणीच नाही.
तेवढ्यात दिसलं, खालच्या पट्टीवर
त्याचा उजवा पाय ठेका धरत होता.
ओठही हलत होते. पाठ होतं त्याला.
भावाचं नाव आलं तिथं फक्त मिटले,
तेवढी एक मात्रा गाळून
पुढच्या शब्दावर अचूक उघडले.

मी काय बोलणार होतो?
कंबर दुखते म्हणून वजन दुसऱ्या पायावर घेतलं,
तेव्हा कळलं
पहिला पाय इतका वेळ काय करत होता.

मान खाली, मी म्हणालो.
त्यानं घातली.
मानेवर अजून नुसती लव आहे,
वस्तऱ्याला लागतसुद्धा नाही.