अकरा किलो

उपकेंद्राच्या ओसरीवर यंत्र काढलं.
मूठ आवळायची, काटा सरकतो,
आकडा तक्त्यात. माझं काम एवढंच.
तोंडवळीत नव्वदीपुढचे सात जण,
त्यांतल्या दोघी अंथरुणाला, एक मुलाकडे ठाण्याला.

लवू टिकम. वय ब्याण्णव,
तेही शाळेच्या दाखल्यावर.
दाबलं. मान थरथरली, ओठ आत गेले,
काटा अकरावर टेकून परत आला.
"अकरा काय?"
किलो.
"म्हंजे मुशीचा पिल्लू."
मग यंत्र कानाशी नेऊन हलवलं.
"ह्या काय ओढता?"
काही नाही ओ, नुसतं दाबायचं.
"मगे माझी ताकद गेली खंय?"

तक्त्यात या प्रश्नाला रकाना नाही.
मी दंडाला टेप गुंडाळली.
कातडी सैल, घडी मोडलेली,
आत एक दोर, बारीक,
पण पीळ शाबूत.

सून म्हणाली, कुडाळवरून खाट आणली, गादीसकट.
तिच्यावर आता उकड्या तांदळाची पोती.
हा चटईवर.
"खाटेवरसून माणूस उतारता, बाय.
जमनीवरसून उठूक लागता."
रोज पहाटे आधी कूस,
मग कोपर, मग गुडघा, मग खांबाला हात,
मग बराच वेळ काहीच नाही
(तेवढा वेळ सून पलीकडे श्वास धरून)
मग उभा.

दुसऱ्या दिवशी रापण लागली.
इथला नियम जुना: दोराला हात, त्याला वाटा.
मीही धरला, चपला वाळूत काढून.
लाट मागे हटली की चाळीस माणसं वीतभर पुढे सरकायची,
तळवे भाजत होते,
आणि माझ्या पाठचा दोर
एकदाही ढिला पडला नाही.
वळून पाहिलं तर शेवटी लवू,
दोर कमरेला वळसा घालून, टाचा वाळूत रुतवून,
आभाळाकडे तोंड.
"ताकद न्हय गो," दात नसलेलं हसू,
"नुसतो कललंय."

वाट्याला दोन बांगडे, थोडे पेडवे.
त्याच अकरा किलोच्या मुठीत धरून गेला,
वाटेत कुठं न थांबता.

संध्याकाळी नोंदी पुऱ्या केल्या.
अकराचा आकडा तक्त्यात लाल पट्ट्यात पडतो.
शेऱ्याच्या रकान्यात जागा बोटभर.
लिहिलं:
जमिनीवर निजतो.