इतर हक्क

मी मोजणीदार.
भिंत कुठे संपते तेवढं सांगायचं,
का उभी राहिली ते विचारायचं नाही.
रेवदंड्यात, आगरकोटाच्या आत, सुपारीच्या दाट सावलीत
हे घर, आणि पनवेलहून आलेले पाच वारस.
जोत्यावर पाच जोड चपला, एकमेकींकडे पाठ करून.

फीत ओढली. नकाशापेक्षा दीड हात जास्त.
पुन्हा ओढली. तेवढंच.
मदतनीस म्हणाला, साहेब, दमट हवेनं घरं फुगतात.
मग जुने कागद घेऊन बसलो पडवीत.

जोत्याच्या दगडांना कागद नाही.
एका दगडावर परक्या लिपीतली अर्धी ओळ, उलटी बसवलेली.
गवंड्याला वाचता येत नसेल,
किंवा येत असेल म्हणूनच.
म्हणतात, इथे इनास नावाचा शिंपी राहायचा, पाद्र्यांचे झगे शिवायचा.
कोट पडला त्या साली कात्री आणि पोरं घेऊन
खाडीपलीकडे कोर्लईला गेला.
एखादी सुई मागे राहिली असेलच. सुया राहतात.

मग गोलंदाज येसजी. त्याच्या नावे एकच कागद, तोही तक्रारीचा :
तोफेने कान गेले असून रात्री मोठ्याने बोलतो,
शेजाऱ्यांस झोप नाही.
मोडीतली तक्रार. निकाल अजून लागायचाय.

माडी चढवली अब्बास तांडेलानं.
तुळया त्याच्याच फुटलेल्या गलबताच्या,
श्रावणात अजून खिळ्यांच्या भोकांतून मीठ पाझरतं.
तो तांदूळ घेऊन मस्कतला निघाला, तो निघालाच.
हलिमाबीनं सात वर्षं पश्चिमेची खिडकी लावली नाही.
आठव्या वर्षी घर विकलं, खिडकीसकट.
खरेदीखतात तसंच लिहिलंय : खिडकीसकट.

घेणारा हसाजी शनवारतेली. मागच्या पडवीत घाणा बसवला.
शनिवारी घाणा गप्प,
बैलालासुद्धा वार कळायचा.
दाराच्या चौकटीला उजव्या अंगाला एक तिरपी खाच,
जाता-येता बोटं लावून गुळगुळीत झालेली.
माझंही बोट गेलं तिथे. मोजणीच्या नियमांत नाही हे.
पणतू रहमीम बोटीत बसायच्या आदल्या दिवशी
खाचेतली नळी काढून घेऊन गेला.
खाच नेता येत नाही.

पुढे मिठागराचा दरोगा. मग तीन वर्षं पोस्ट :
पत्रांसाठी भिंतीत पाडलेली फट आहे,
तिथे आता गांधीलमाश्यांची ये-जा.

दीड हात कुठून आला ते तेव्हा कळलं.
येणाऱ्यानं आधीच्याची भिंत पाडली नाही,
वरून गिलावा चढवला, शिंपल्यांच्या चुन्याचा, बोटभर.
दीड हाताची छत्तीस बोटं.
मी मोजली नाहीत. विश्वास ठेवला.

दुपारी मागच्या दिंडीतून एक बाई आत आली,
डोक्यावर हंडा, कुणालाही न विचारता.
चांगुणा. कोळीवाड्यातली.
थोरले वारस तडकले : घरी नळ आहे ना तुझ्या?
ती रहाटाला हात घालत म्हणाली,
नलाच्या पान्यानी आंबट नीट होत नाय.
घर कुनाचा त्ये तुमी लिवा. पानी आमचा हाय.

मी पत्रिका उलटली. इतर हक्क :
यमी कोळीण व तिचे वंशज यांणीं दक्षीणेचे दिंडीतून पाणि भरावे.
धारक बदलले, भाषा बदलली, शिक्के बदलले,
ही ओळ प्रत्येक कारकुनानं जशीच्या तशी उतरवली,
चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट.
मीही उतरवली.

पाच वारसांचे पाच तुकडे पाडून दिले.
विहीर कुणाच्या वाट्याला, यावर सूर्य कलेपर्यंत भांडण.
तोवर दिंडीपासून काठापर्यंत
मी दोन तुटक रेघा ओढल्या होत्या.
अंतर पावलांनीही मोजून पाहिलं, उगाच.
माझी एकोणीस भरली.
तिची, भरल्या हंड्यानं, बावीस.