बावीस किलो आठशे

कॅडल रोडवरच्या जिगरभाईच्या रद्दीच्या काट्यावर
बॅग उभी राहीना, आडवी घातली.
आकडा स्थिर होईपर्यंत आम्ही दोघंही गप्प.
बावीस किलो आठशे.
‘रद्दीच्या भावाने तीनशे एकोणीस होतात, मावशी,
वरचे वीस पैसे माझे,’ तो म्हणाला.
मर्यादा तेवीसची. दोनशे ग्रॅम उरले.
दोनशे ग्रॅममध्ये काय येतं?
मेतकुटाची पुडी,
नाहीतर स्वेटरची एक बाही.

व्हिसावाल्यांनी सांगितलं, फोटोत हसायचं नाही.
ते सोपं होतं.
बोटांचे ठसे मात्र उमटेनात.
मुलगी पुन्हा पुन्हा काच पुसायची, ‘आजी, जरा दाबा ना.’
तिला काय सांगू ह्या रेषा कुठे झिजल्या?
एकतीस वर्षं, फोर्टातला चौथा मजला,
ओव्हरसीज बोर्ड, बहुतेक रात्रपाळी.
कानाला हेडफोन, हातात कॉर्ड,
एक टोक मुंबईत खुपसलं की दुसरं व्हिएन्नात.

मला ही गावं ठाऊक आहेत.
प्राग खरखरायचं.
बुडापेस्ट कायम एंगेज.
व्हिएन्नाची बाई ‘मोमेंट’ म्हणायची
आणि तिचा मोमेंट संपेस्तोवर
माझी डब्यातली अर्धी पोळी व्हायची.
तिकडून कुणाचा मुलगा रडायचा,
इकडून आई ओरडून विचारायची, जेवलास का.
ऐकायचं नाही असा नियम होता. ऐकू यायचंच.
मग मधे पडून म्हणायचं,
‘तीन मिनिटं झाली. वाढवायची?’

दादरच्या मीटिंगला आम्ही तेरा जण, चौदावी गैरहजर.
तन्मय करंगुटकर, टूर मॅनेजर,
माझ्या पेन्शनपेक्षा चार वर्षांनी मोठा,
सांगत होता, सुट्टी नाणी जवळ ठेवा,
तिकडे मोरीलासुद्धा पैसे पडतात,
लोणचं हातातल्या बॅगेत नको,
बसमधली जागा रोज एक ओळ मागे सरकेल.
आणि हो, झेकचा फोन कोड चारशे वीस!
सगळे हसले. मी नाही.
माझ्या वेळी तो नुसता बेचाळीस होता,
देशही तेव्हा एकच होता,
आणि ती लाइन सोडली तर
तिथल्या कुणी मला कधी फसवलं नव्हतं.

खोली दोघींत एक.
यादीत माझ्या नावाला जोडलेलं नाव:
फिलोमिना लोपीस, गास, वसई.
त्याच त्या चौदाव्या. भाचीचं लग्न होतं म्हणे.
काल रात्री मीच फोन लावला.
‘मी घोरते,’ त्या म्हणाल्या, ‘आधीच सांगते.’
‘मला दिव्याशिवाय झोप येत नाही,’ मी म्हणाले.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
‘केटली मी आणते, तुम्ही नका आणू.
सुकेळीपण आणते, घरची.’
‘बरं.’
‘गुडघा कुरकुरतो हो माझा. एवढं चालवेल का?’
‘हळू चालू. मी तरी कुठे पळतेय.’
पुन्हा शांतता.
तोंडून निघून गेलं, ‘तीन मिनिटं झाली.’
‘काय?’
‘काही नाही. बोला.’
बोलल्या. पावणेबारा वाजले.

आता बॅग पुन्हा पलंगावर उघडी आहे.
केटली काढून ओट्यावर ठेवली,
नऊशे ग्रॅम सुटले.
मेतकूट गेलं, स्वेटर दोन्ही बाह्यांसकट गेला.
गुडघ्याचा पट्टा गेला.
माझे गुडघे ठीक आहेत.
झीरोचा दिवा घेतला होता, तो बाहेर काढला.
अंधारात कुणी घोरत असलं
तर लाइन चालू आहे एवढं तरी कळेल.
मग केटलीकडे बघत बसले थोडी.
त्या विसरल्या तर?

जिगरभाई नऊला उघडतो.