किल्ली गिरणीवर असते

चर्चची किल्ली गिरणीवर असते,
हे फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं.
ज्वारीचं दळण संपेपर्यंत थांबावं लागलं.
मग शांतवन ढोके आले हात झटकत,
भुवया पांढऱ्या, पिठानं की वयानं ते कळेना.
वीतभर लोखंड कुलपात फिरवून म्हणाले,
"खांदा लावा जी, दरवाजा खाली बसला हाय."

आत एप्रिल नव्हता.
दोन हात रुंद काळ्या दगडाच्या भिंती,
चुन्याची थंडाई,
आणि वटवाघळांचा वास.

मी टेप काढला.
दुसरं टोक त्यांनी धरलं,
ओलं पातळ पिळताना धरतात तसं.
लांबी एकोणपन्नास फूट. रुंदी बावीस.
"मोजून काय करसान?"
वहीत लिहीन.
"मंग माह्या आज्याचं बी लेहा."

आजा सुतार. बंड्या करायचा.
मिशनच्या साहेबानं छताचा नकाशा दिला,
आज्यानं तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला,
घडी करून पागोट्यात खोवला,
आणि सागाच्या तुळया अशा जोडल्या
जसा धुरा साट्याला जोडतात.
खिळा एकही नाही.
असलं छत जहाजासारखं दिसतं म्हणे.
इथं जहाज कोणी पाहिलंय?
मान वर केली तर
पालथी घातलेली बंडी होती,
चाकं तेवढी कुठंतरी काढून ठेवलेली.

बाप्तिस्म्याचं कुंड उखळाएवढं.
खाली वाकून बोट फिरवलं तर
झिजलेल्या कमळाच्या पाकळ्या लागल्या.
कुठल्या देवळाचं हे?
"नदीत होतं."
त्याआधी कोणाचं?
"गोट्याचंच असंन."
मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं.

पूर्वेला तीन निमुळत्या खिडक्या.
दोघींत लाल-निळ्या काचा, तडकलेल्या पण आहेत.
तिसरीत तेलाचा डबा कापून ठोकलेला पत्रा,
त्यावर कंपनीचं सूर्यफूल.
उजेड दोघींतूनच येतो,
पण रूथाबाई, शांतवनजींची बायको,
डोळे मिटायच्या आधी बघते ती सूर्यफुलाकडे.
हे त्यांनी विचारल्यावाचून सांगितलं,
आणि मग उगीच बाक पुसायला लागले.

घंटा?
"हाय ना. पन आग्या मोहोय बसलं तिच्यात,
सहा वर्सं झाले, वाजवनं बंद."
मग रविवारी लोकांना कसं कळतं?
त्यांना प्रश्नच समजला नाही आधी.
"गिरनी बंद करतो ना मी."

सात घरं आहेत.
साडेनऊला इंजिनाची पुकपुक थांबते,
आणि त्या थांबण्याच्या आवाजानं
सात घरांतून माणसं निघतात
चपला हातात घेऊन, कारण वाटेत ओढा आहे,
आता कोरडा असला तरी.

उंची मोजायची राहिली.
टेप तुळईपर्यंत पोचेना.
"अंदाजानं लेहा," ते म्हणाले,
कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो
तेव्हा पाठीमागं गिरणी पुन्हा सुरू झाली.
वही उघडली.
'उंची' समोरची जागा तशीच ठेवली.
खाली लिहिलं: आजा, सुतार, नाव विचारायचं राहिलं.