व इतर सात

जालन्याच्या जुन्या छावणीतल्या कब्रस्थानाची किल्ली
माझ्या बापाकडं होती. पगार नव्हता.
अकरा नोव्हेंबरला उजाडायच्या आत तो दगड धुवायचा.
कॅप्टनच्या नावावर तांब्या, लेफ्टनंटच्या नावावर तांब्या,
शेवटच्या ओळीवर मात्र ओलं बोट फिरवायचा सावकाश.
कोरलेलं इंग्रजीत, तो वाचायचा मराठीत:
व इतर सात.

"एक आपला, सिलास. माझ्या आज्याचा थोरला भाऊ.
पलटणीसंगं बसऱ्याला गेला. बाकीचे सहा
ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक असतील."

मग उकिडवा बसून संत मार्टिनचं सांगायचा.
तोही शिपाईच. पंधराव्या वर्षी बापानं भरती केलेला.
थंडीत गावच्या वेशीत एक उघडा माणूस दिसला,
ह्यानं अंगावरची घोंगडी तलवारीनं चिरून अर्धी दिली.
"सगळी का नाही दिली?"
"अर्धी सरकारी असंल."

त्या रात्री येशू स्वप्नात आला तीच अर्धी पांघरून;
पाद्रीसाहेब इथं थांबायचे, बाप थांबायचा नाही.
लढाईच्या आदल्या दिवशी बादशहा बक्षीस वाटायला बसला
आणि मार्टिननं हात पुढं केला नाही.
भेकड म्हणाले.
म्हणाला, उद्या सगळ्यांच्या पुढं उभा करा, रिकाम्या हातानं.
रात्रभर कोठडीत ठेवला.
सकाळी समोरचेच तहाला आले.

"आणि सिलास?"
"सिलासनं हात पुढं केला. महिना अकरा रुपये.
त्यात म्हैस आली घरी.
विहिरीवर चढू दिलं नाही ते नाहीच."

मार्टिनला मातीत ठेवलं त्याच तारखेला
कितीक शतकांनी तोफा थांबल्या.
सिलास त्याच्या दोन वर्षं आधीच थांबलेला.
कागद आला तो उर्दूत,
वाचून दाखवायचे मुन्शीनं दोन आणे घेतले.

आता किल्ली माझ्याकडं.
यंदा दगडाला कापसाची बोंडं फुटल्यागत
वाऱ्यानं आणलेला पिंजलेला कापूस चिकटलेला.
काढत होते, तर बदनापूरहून एक बाई आली, पायात पोराचे बूट.
"आमचा एक हितं हाय म्हणत्यात. इठोबा खरात."
कुठल्या ओळीत ते दाखवलं.
तिनं बराच वेळ बघितलं, मग विचारलं,
सातातला कितवा?

तांब्या तिच्या हातात दिला.
पाणी गार होतं, तिनं दोनदा हात झटकला.

अजून पाच.