काचपट्टी

वास्कोच्या सरकारी दवाखान्यात, खिडकी नंबर तीन.
बार्जवरचा शाणू हरमलकर चिठ्ठी सरकवतो,
नजर बंदरातल्या क्रेनकडे.
"उन्हाचं असेल, बाई. लघवीला जळतं.
चार शहाळी प्यायलो."

काडीवरचा ठिपका मी काचेवर पसरते,
जांभळा करते, धुते, लाल करते.
भिंगाखाली, पुवाच्या पेशींत,
जोडीजोडीने बसलेले गुलाबी दाणे,
बारीक कुळथासारखे, पोटाला पोट लावून.

दिसले त्यांच्यासाठी सुई, डॉक्टर लिहितात.
न दिसता सोबत असतील
त्यांच्यासाठी गोळ्या, सात दिवस.
आणि खाली, रेघ मारून: बायकोलाही आणा.

शाणू कागदाची घडी घालतो.
घडीची घडी.
"तिला काय सांगू?"

माझी बोटं अजून जांभळी.
खिडकीबाहेर क्रेनने कोळशाचा घास उचललाय,
सोडलेला नाही.